प्रथम वर्षाला सी की पायथन?

पत्र : मी नाशिकमधील एका स्वायत्त महाविद्यालयाच्या कम्प्युटर सायन्स विभागात सहायक प्राध्यापिका आहे. पुढील महिन्यात आमच्या अभ्यासमंडळाची बैठक आहे आणि प्रथम वर्ष बी.एस्सी.ला प्रोग्रामिंगची पहिली भाषा कोणती ठेवावी, याचा प्रस्ताव मी लिहायचा आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की सी काढली तर पाया कच्चा राहील. तरुण सहकाऱ्यांना पायथन हवी आहे. प्लेसमेंटचे काम पाहणारे सर जावाचा आग्रह धरतात. आमचे निम्म्याहून अधिक विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले असून पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी या भागांतले आहेत. बहुतेकांकडे लॅपटॉप नाही, फोन आहे. लॅबमध्ये अजून टर्बो सी चालते. प्रस्तावात काय लिहू?
— एक सहायक प्राध्यापिका, नाशिक

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे नंतर सांगते. पहिल्या सेमिस्टरला पायथन ठेवा, दुसऱ्या सेमिस्टरला जीसीसी या आधुनिक कंपायलरवर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या साधनावर) सी शिकवा, जावा दुसऱ्या वर्षापर्यंत थांबू द्या, आणि यांपैकी काहीही मान्य झाले नाही तरी टर्बो सी हा सीचा जुना कंपायलर मात्र या वर्षापासून लॅबमधून बंद करा. शेवटची गोष्ट मी सर्वांत आग्रहाने सांगते आहे, कारण पहिल्या तीन गोष्टींवर समजूतदार माणसांचे मतभेद होऊ शकतात, चौथीवर होऊ नयेत.

हा वाद तुमच्या विभागात निर्माण झालेला नाही, तो फार जुना आहे. स्वित्झर्लंडमधील निक्लाउस विर्थ यांनी १९७० मध्ये पास्कल ही भाषा विद्यार्थ्यांना शिस्तबद्ध प्रोग्रामिंग शिकवता यावे या हेतूनेच तयार केली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे जगभरातील असंख्य विद्यार्थ्यांची ती पहिली भाषा होती, माझीही होती. अमेरिकेत शाळेतील मुलांसाठी विद्यापीठ-पातळीची कम्प्युटर सायन्सची जी परीक्षा घेतली जाते, ती १९८४ मध्ये पास्कलवर सुरू झाली, १९९९ मध्ये सी++ वर गेली आणि २००४ च्या परीक्षेपासून जावावर आली, म्हणजे वीस वर्षांत तीन भाषा झाल्या. एमआयटीमध्ये सुमारे पाव शतक स्कीम ही भाषा पहिल्या अभ्यासक्रमात होती, तिच्या जागी पुढे पायथन आली. टेक्सास विद्यापीठाने पहिल्या अभ्यासक्रमातील हॅस्केल ही भाषा काढून जावा आणायचे ठरवले, तेव्हा २००१ मध्ये डाइकस्ट्रा यांच्यासारख्या थोर संगणकशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या समितीला पत्र लिहून त्याला विरोध केला होता. २०१४ मध्ये फिलिप गुओ यांनी अमेरिकेतील पहिल्या ३९ संगणकशास्त्र विभागांची पाहणी केली, त्यांपैकी २७ विभाग पहिल्या अभ्यासक्रमांत पायथन शिकवत होते. आपल्याकडे सीबीएसईच्या अकरावी-बारावीला सी++ जाऊन पायथन आलेली आहे.

हे सर्व प्रस्तावाच्या प्रास्ताविकात दोन परिच्छेदांत लिहा, पण त्यावर प्रस्ताव उभा करू नका. दुसऱ्या विद्यापीठाने काय केले, हे सुरगाण्याहून आलेल्या मुलीला तुमच्या लॅबमध्ये काय अडते याचे उत्तर नव्हे. भाषा कितीही चांगली असली तरी पहिल्या सेमिस्टरला विद्यार्थी चुका करणारच. म्हणून निवड करताना मी एकच गोष्ट पाहते: मुलाने चूक केली की त्याला ती दिसते का, आणि दिसली तर ती का झाली हे त्याला स्वतःच्या बुद्धीने शोधता येते का?

एक उदाहरण घेऊ, आणि ते आपल्याच जिल्ह्यातले घेऊ. लासलगावच्या बाजार समितीत एका शेतकऱ्याचा १२४० किलो कांदा १८५० रुपये क्विंटल या भावाने गेला. हमाली-तोलाई तूर्त बाजूला ठेवली, तर हिशेबपट्टीवर २२,९४० रुपये यायला हवेत. हे गणित तुमच्या वर्गातील कितीतरी मुले तोंडी करतील, कारण त्यांनी वडिलांच्या हातात तशी पट्टी लहानपणापासून पाहिलेली असते. आता त्याच मुलांना याचा प्रोग्राम लिहायला सांगा. वजनाला आधी शंभराने भागून क्विंटल काढायचे आणि मग भावाने गुणायचे, असा सरळ विचार करणारा विद्यार्थी सीमध्ये दोन्ही व्हेरिएबल (म्हणजे किंमत साठवणारी नावे) पूर्णांकी ठेवतो आणि त्याला उत्तर मिळते २२,२०० रुपये. १२४० भागिले १०० याचे उत्तर सीमध्ये १२ येते, वरचे ४० किलो गळून पडतात आणि शेतकऱ्याचे ७४० रुपये बुडतात. कंपायलर काहीही तक्रार करत नाही.

दुसरा विद्यार्थी हुशारीने आधी गुणाकार करतो आणि मग शंभराने भागतो. जीसीसीवर त्याचे उत्तर बरोबर येते. टर्बो सीवर मात्र तोच प्रोग्राम सांगतो की शेतकऱ्याला दोन रुपये मिळाले. हे मी अलंकारिक लिहीत नाही, लॅबमध्ये बसून करून पाहा. टर्बो सीमध्ये पूर्णांकाला १६ बिटांचीच जागा असते, त्यामुळे त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. १२४० गुणिले १८५० म्हणजे २२,९४,००० ही संख्या त्या जागेत बसत नाही, तिच्यातून ६५,५३६ च्या पटी निघून जातात, २४० उरतात आणि शंभराने भागल्यावर दोन. विद्यार्थ्याचे सूत्र बरोबर, त्याचा विचार बरोबर, आणि उत्तर दोन रुपये. ज्या मुलाचा संगणकाशी पहिलाच परिचय होतो आहे, तो अशा वेळी यंत्राला दोष देत नाही. आपल्यालाच हे जमणार नाही, असा निष्कर्ष तो काढतो आणि तो निष्कर्ष पुढे तीन वर्षे पुसता येत नाही. मी अशी मुले पाहिली आहेत.

पायथनमध्ये दोन्ही पद्धतींनी २२,९४० हेच उत्तर येते. भागाकाराचे साधे चिन्ह वापरले तर अपूर्णांक टिकतो, आणि पूर्णांकाला जागेची अशी मर्यादा नसते. संख्या वाढेल तशी जागा वाढते. पहिल्या महिन्यात विद्यार्थ्याने आपल्या विचाराशी झगडावे, यंत्राच्या आतील कप्प्यांशी झगडू नये. कप्पे समजायला हवेतच, पण ते समजून घ्यायची वेळ दुसऱ्या सेमिस्टरला येते, आणि तेव्हा हेच दोन रुपयांचे उदाहरण १६ बिटांच्या प्रकारात मुद्दाम करून दाखवा. तोवर विद्यार्थ्याला स्वतःच्या सूत्राविषयी विश्वास आलेला असेल, त्यामुळे तो घाबरणार नाही, त्याला कुतूहल वाटेल.

चुकांविषयी आणखी थोडे लिहिते, कारण माझ्या मते सारा प्रश्न येथेच आहे. सीमध्ये अट लिहिताना विद्यार्थ्याने दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच दिले तर ते वैध वाक्य ठरते, तुलनेऐवजी किंमत बदलली जाते आणि प्रोग्राम निमूटपणे चुकीचा चालतो. पायथन अशी ओळ स्वीकारतच नाही. सीमध्ये दहा घरांच्या ॲरेच्या, म्हणजे किमतींच्या रांगेच्या, अकराव्या घरात काही लिहिले तर ते कधी चालून जाते, कधी शेजारच्या व्हेरिएबलची किंमत बदलते, कधी प्रोग्राम कोसळतो. एकाच चुकीला तीन निरनिराळे परिणाम असले तर नवशिक्याने त्यातून शिकायचे कसे? पायथन त्याच ओळीवर थांबते आणि यादीची मर्यादा ओलांडली गेली असे सांगते. सीमध्ये वापरकर्त्याकडून किंमत घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलपूर्वी अँपरसँड (&) का लावायचा, याचे खरे उत्तर मेमरीच्या पत्त्याशिवाय देता येत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात आपण मुलांना 'तूर्त असेच लिहा, पुढे कळेल' असे सांगतो. हे वाक्य मी स्वतः किती वर्षे वर्गात म्हटले, याचा मला आज खेद वाटतो, कारण ज्या विषयात प्रत्येक चिन्हाला कारण असते, त्या विषयाची सुरुवात आपण कारण न विचारण्याच्या सवयीने करून देत होतो.

न्यायाने हेही सांगायला हवे, की पायथनही काही चुका लपवते आणि त्या तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना चांगल्या ठाऊक असतील. व्हेरिएबलच्या नावात किंमत देताना एक अक्षर चुकले तर पायथन मुकाट्याने नवे व्हेरिएबल तयार करते. बेरीज एका नावात साठत राहते आणि छापली जाते दुसऱ्याच नावाची किंमत. सीमध्ये हे नाव आधी जाहीर केलेले नाही म्हणून कंपायलर तेथेच अडवतो. तसेच पायथनमध्ये वापरकर्त्याने टाइप केलेली संख्या आत मजकूर म्हणून येते, त्यामुळे पाच आणि पाच यांची बेरीज पंचावन्न येते. ही दोन्ही उदाहरणे पहिल्या पंधरवड्यातच वर्गात मुद्दाम घडवून आणा. पंचावन्नचे उदाहरण तर फार उपयोगी आहे, कारण उत्तर इतके उघड चुकीचे असते की मुले स्वतःच कारण शोधू लागतात, आणि डेटा टाइप म्हणजे काय, हे व्याख्या न सांगता त्यांना समजते.

आता ज्येष्ठांच्या आक्षेपाकडे येते. सी काढली तर पाया कच्चा राहील, हे त्यांचे म्हणणे मी मनापासून अर्धे मान्य करते. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅबमध्ये ही भाषा घडवली ती ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्यासाठी. आजही लिनक्सचा गाभा मुख्यतः सीमध्येच आहे, आणि ज्या पायथनची आपण चर्चा करतो आहोत तिचा सर्वत्र वापरला जाणारा इंटरप्रिटरही (तिचे प्रोग्राम चालवणारे साधनही) सीमध्येच लिहिलेला आहे. मेमरी, पत्ता, पॉइंटर (मेमरीतील पत्ता साठवणारे व्हेरिएबल), स्टॅक या गोष्टी न समजता कम्प्युटर सायन्सची पदवी मिळवणे योग्य नाही. पायथनमधील एक साधे कोडे पाहा. एका यादीला दुसरे नाव दिले आणि दुसऱ्या नावाने यादीत बदल केला तर पहिल्या नावाची यादीही बदललेली दिसते. केवळ पायथन शिकलेला विद्यार्थी हे पाठ करतो किंवा चकित होऊन सोडून देतो; सीमधील पॉइंटर शिकलेल्या विद्यार्थ्याला दोन्ही नावे एकाच जागेकडे बोट दाखवत आहेत हे दिसते. म्हणून सी हवीच. माझे म्हणणे एवढेच, की ती दुसरी हवी. घर बांधताना पाया आधी घालतात हे खरे, पण शिक्षणात मूल आधी बोलायला शिकते आणि व्याकरण मागाहून शिकते, हेही तितकेच खरे. ज्याने लूप, अट, फंक्शन आणि यादी यांत विचार करण्याची सवय एका सेमिस्टरमध्ये लावून घेतली, त्याला सीच्या तासाला केवळ नवीन तेवढेच शिकावे लागते, आणि नवीन जे आहे ते नेमके मेमरीचे आहे. सी हीच पहिली भाषा असेल तर विचार करणे, चिन्हे आणि मेमरी हे तिन्ही भार एकाच वेळी पडतात आणि आपण परीक्षा मात्र चिन्हांचीच घेतो.

शिवाय ज्येष्ठांना आदरपूर्वक हेही विचारा, की आज आपण जी सी शिकवतो ती खरोखर सी आहे का? टर्बो सी १९८७ मध्ये बोर्लंड या कंपनीने बाजारात आणली, म्हणजे सीचे पहिले प्रमाण (भाषेचे अधिकृत नियम) १९८९ मध्ये ठरले त्याच्याही आधी. आपल्याकडील लॅबमध्ये जी निळ्या पडद्याची आवृत्ती असते, ती १९९० च्या दशकाच्या आरंभीची. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर ती थेट चालत नाही, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचे अनुकरण करणारा दुसरा प्रोग्राम घालून ती चालवावी लागते. मुले प्रत्येक प्रोग्रामच्या आरंभी पडदा पुसण्याची आणि शेवटी कळ दाबण्याची वाट पाहण्याची ओळ लिहितात. या ओळी सीच्या प्रमाणात नाहीतच, आणि मेन फंक्शन काहीच परत करत नाही असे लिहिण्याची सवयही प्रमाणाला धरून नाही. अशी मुले मुलाखतीला गेली आणि समोर आधुनिक कंपायलर आला की त्यांचा पहिलाच प्रोग्राम अडतो. पायाच्या नावाने आपण त्यांना जे देत आहोत ते आज कोठेही वापरात नाही, आणि तुमच्या विद्यार्थ्यांवर हा मोठा अन्याय आहे. जीसीसी विनामूल्य आहे, जुन्या संगणकावरही चालते, आणि सर्व इशारे दाखवण्याचा पर्याय चालू ठेवला तर विसरलेला अँपरसँड आणि अटीतील एकेरी बरोबरचे चिन्ह यांविषयी ती सावधही करते.

जावाविषयी फार लिहीत नाही. भाषा उत्तम आहे, नोकऱ्याही आहेत, पण तिच्यात पहिला निरोप पडद्यावर छापण्यासाठी आजवर क्लास, पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड असे शब्द अर्थ न सांगता लिहून घ्यावे लागत. २०२५ मध्ये आलेल्या २५ व्या आवृत्तीने ही सुरुवात बरीच सोपी केली आहे. तरी ऑब्जेक्टचा विचार रुजण्यासाठी मुलांनी आधी एखादा शंभर ओळींचा प्रोग्राम लिहून त्यातला गोंधळ अनुभवलेला असावा, म्हणून दुसरे वर्ष. प्लेसमेंटच्या सरांना सांगा, की आज प्रवेश घेणारा विद्यार्थी नोकरीच्या दारात तीन-चार वर्षांनी उभा राहणार आहे, आणि बहुतेक ऑनलाइन चाचण्यांत सी, सी++, जावा, पायथन यांतली हवी ती भाषा निवडता येते. ज्यांना पदव्युत्तर प्रवेशासाठी गेट ही परीक्षा द्यायची आहे त्यांच्यासाठीही दोन भाषांचा हा क्रम सोयीचा आहे. कम्प्युटर सायन्सच्या पेपरात सी विचारतात, तर २०२४ पासून सुरू झालेल्या डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पेपराच्या अभ्यासक्रमात पायथन आहे.

तुमच्या पत्रातील जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती मराठी माध्यमाची. अनेकांना वाटते, की पायथनमध्ये इंग्रजी शब्द कमी म्हणून ती मराठी मुलांना सोपी जाते. तसे नाही. मूळ सीमध्ये राखीव शब्द ३२ आहेत आणि पायथनमध्ये ३५. तीस-पस्तीस शब्द कोणतेही मूल आठवडाभरात शिकते. अडचण होते ती एररच्या इंग्रजी वाक्यांची. कंपायलर काहीतरी लांबलचक सांगतो, विद्यार्थी ते वाचतच नाही आणि हात वर करून मॅडमना बोलावतो. यासाठी एक काम करा: पहिल्या सेमिस्टरला वारंवार येणाऱ्या दहा-बारा एररची वाक्ये निवडा, प्रत्येकाचा अर्थ सोप्या मराठीत लिहा, तो एरर मुद्दाम कसा आणायचा हेही लिहा, आणि ते पान प्रत्येकाच्या जर्नलच्या पहिल्या पानावर चिकटवायला लावा. पहिल्या प्रॅक्टिकलला प्रोग्राम बरोबर चालवून दाखवण्याऐवजी हे एरर घडवून दाखवण्याचे गुण द्या. एररची भीती गेली की निम्मे शिक्षण झाले असे मी समजते. व्हेरिएबलला वजन, भाव, एकूण अशी मराठी नावे रोमन लिपीत देऊ द्या. बाह्य परीक्षकांना ते आवडणार नाही, तरी देऊ द्या, कारण नावाचा अर्थ कळला की ओळीचा अर्थ कळतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठही जरूर पाहा, त्यांतील बरेच मराठीत ऐकायला मिळतात.

आणि मराठीचा एक धडा तर असा आहे, जो आपल्या मुलांना इंग्रजी शब्दांवरून शिकवताच येणार नाही. 'नाशिक' या शब्दाची लांबी किती, असे वर्गात विचारा. मुले तीन म्हणतील आणि त्यांचे बरोबरच आहे. पायथन पाच सांगेल, कारण न, काना, श, वेलांटी आणि क ही तिला पाच स्वतंत्र चिन्हे दिसतात. सीमध्ये यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेल्या याच शब्दाची लांबी मोजली तर पंधरा येईल, कारण त्यातील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. मग शब्द उलटा करण्याचा नेहमीचा प्रॅक्टिकलचा प्रोग्राम पायथनमध्ये याच शब्दावर चालवा. उत्तर 'किशान' असे येईल. वेलांटी श ची सुटून क ला लागली आणि काना न ला सोडून श कडे गेला, हे पडद्यावर पाहिल्यानंतर अक्षर, चिन्ह आणि बाइट यांतील फरक तुम्हाला समजावून सांगावा लागणार नाही. पहिल्या सेमिस्टरला पाच आणि तीन यांतला फरक, दुसऱ्या सेमिस्टरला पाच आणि पंधरा यांतला. दोन भाषांचा क्रम मी का सुचवते, ते या एका शब्दावरून तुमच्या अभ्यासमंडळाला दाखवता येईल.

लॅपटॉप नसलेल्या मुलांविषयी. पायथन चालवणारी ॲप अँड्रॉइड फोनवर मिळतात आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात, त्यामुळे पेठहून एसटीने ये-जा करणाऱ्या मुलालाही प्रवासात चार ओळींचा प्रयोग करता येतो. पण फोनच्या छोट्या पडद्यावर ओळींचे समास (ओळीच्या आरंभी सोडलेली जागा) नीट राखणे कठीण जाते आणि पायथनमध्ये समास हाच व्याकरणाचा भाग आहे, म्हणून फोन सरावापुरता ठेवा, शिकवण्याचे साधन करू नका. लॅबमध्ये एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात तयार झालेले थॉनी हे पायथन लिहिण्याचे व चालवण्याचे साधन वापरा. ते नवशिक्यांसाठीच बनवलेले आहे, हलके आहे, आणि त्यात प्रोग्राम एकेक पायरीने चालताना कोणत्या व्हेरिएबलमध्ये कोणती किंमत आहे हे डोळ्यांना दिसते. एका संगणकावर दोन मुले बसत असतील तर दर पंधरा मिनिटांनी कीबोर्ड बदलायला लावा. हे फार कसोशीने पाळावे लागते, नाहीतर शहरातून आलेला मुलगा टाइप करतो आणि गावाकडून आलेली मुलगी सेमिस्टरभर शेजारी बसून पाहते.

आता परीक्षेविषयी लिहिते. भाषा बदलली आणि परीक्षा तीच राहिली तर काहीही बदलणार नाही. बरीच वर्षे मी ज्या महाविद्यालयात शिकवत होते, तेथे वीस प्रोग्रामचे जर्नल असे आणि त्यांतलाच एक प्रोग्राम चिठ्ठीने येई. एका वर्षी एका विद्यार्थिनीने मूळ संख्या ओळखण्याचा प्रोग्राम एकही चूक न करता लिहिला, आणि मी तिला केवळ इतकेच सांगितले, की आता १ ते १०० मधील सर्व मूळ संख्या छाप. ती गप्प झाली, आणि मग तिने रडवेल्या आवाजात मला सांगितले, की हा प्रोग्राम जर्नलमध्ये नव्हता. ती अत्यंत कष्टाळू मुलगी होती. तिने आम्ही मागितले तेच दिले होते. तेव्हा भाषा सी होती, पण पायथन असती तरी ती मुलगी तेवढीच गप्प झाली असती.

म्हणून प्रस्तावात भाषेच्या कलमाला लागूनच परीक्षेचे कलम लिहा आणि दोन्ही एकत्र मंजूर करून घ्या. प्रॅक्टिकलचे निदान निम्मे गुण, चालणारा प्रोग्राम देऊन त्यात बदल करायला सांगण्यासाठी असावेत: हिशेबपट्टीच्या प्रोग्राममध्ये हमाली वजा करा, पाच शेतकऱ्यांची पट्टी काढा, सर्वांत जास्त रक्कम कोणाची ते सांगा. आजकाल विद्यार्थी एआयकडून संपूर्ण प्रोग्राम लिहून आणतात, त्यालाही माझ्या मते हाच उपाय आहे. समोर बसवून एक ओळ बदलायला लावली आणि 'आता काय होईल' असे चालवण्यापूर्वी विचारले, की ज्याला समजले आहे आणि ज्याला नाही ते लगेच कळते. लेखी परीक्षा टाळता येणार नसेल तर पायथनसाठी उत्तरपत्रिकेला चौकटीचा कागद जोडण्याची परवानगी परीक्षा विभागाकडून आधीच घेऊन ठेवा, कारण साध्या रेघी कागदावर समास एक घर आत आहे की दोन, यावरून परीक्षक आणि विद्यार्थी यांच्यात वाद होतात आणि त्यात नुकसान विद्यार्थ्याचेच होते.

बैठकीला अजून महिना आहे, तर त्यापूर्वी एक छोटी पाहणी करा. सध्या द्वितीय वर्षात असलेले, म्हणजे टर्बो सीवर शिकलेले, वीस विद्यार्थी स्वेच्छेने बोलवा. गुणवत्ता यादीतले निवडू नका, हजेरीपटावरील प्रत्येक चौथे किंवा पाचवे नाव घ्या. जर्नल आणि फोन बाहेर ठेवून त्यांना लासलगावचा तोच प्रश्न द्या आणि पाऊण तास द्या. तुम्ही मागे उभ्या राहून प्रत्येकाविषयी एवढेच टिपा, की तो पहिल्यांदा कोठे अडला: प्रश्न समजण्यात, पायऱ्या ठरवण्यात, चिन्हे लिहिण्यात की उत्तर चुकीचे आहे हे ओळखण्यात. ज्यांच्या पडद्यावर दोन रुपये आले आणि ज्यांनी ते उत्तर म्हणून स्वीकारले, त्यांची संख्या वेगळी लिहा. मुलांची नावे कोठेही लिहू नका. हा एका पानाचा तक्ता अभ्यासमंडळापुढे ठेवला तर चर्चा भाषांच्या थोरवीवरून निघून तुमच्या विद्यार्थ्यांवर येईल, आणि तो तक्ता माझ्या सल्ल्याच्या विरुद्ध काही सांगत असेल, तर माझा सल्ला बाजूला ठेवून तक्त्याप्रमाणे करा.

सीचा आग्रह धरणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना बैठकीपूर्वी भेटा आणि दुसऱ्या सेमिस्टरच्या सीचा अभ्यासक्रम त्यांनीच लिहावा अशी विनंती करा. पॉइंटर आणि मेमरी ज्यांनी वर्षानुवर्षे शिकवली आहे, त्यांच्याइतका तो कोणालाही चांगला लिहिता येणार नाही, आणि आजवर त्यांचे निम्मे तास सेमिकोलन शोधण्यात जात होते. पहिल्या सेमिस्टरच्या अखेरच्या दोन प्रॅक्टिकलना त्यांना लॅबमध्ये येऊन बसायलाही सांगा. मुले काय शिकून आली आहेत आणि कोणता प्रश्न मनात घेऊन आली आहेत, हे पाहूनच त्यांना पॉइंटरचा पहिला तास कोठून सुरू करायचा ते ठरवता येईल.